धूर धरायचा कसा

वाई, २० जानेवारी

चि. मृण्मयी,


तुझा फोटो पोचला. उदबत्तीच्या धुराचा म्हणून पाठवलास आणि खाली विचारलंस, 'आजोबा, सगळं राखाडी का आलं?' दोन शब्दांत सांगायचं तर मागे पांढरी भिंत होती आणि फोनचा फ्लॅश तू समोरून उडवलास. पण तेवढ्यावर भागणार नाही. भिंत बदलशील, फ्लॅश बंद करशील, की पुढची अडचण दत्त म्हणून उभी राहील. शिवाय या धुरापायी मी तुझ्या आजीची पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. त्यांचा कुणाला तरी उपयोग व्हायला हवा. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझी फजिती ऐक. १९७६ सालची गोष्ट. स्टुडिओ नवा होता. दिवसभर पासपोर्ट आणि बारशी, मुहूर्ताच्या दिवसांत लग्नं. कॅमेरा याशिका मॅट, एका रोलवर बारा फोटो. एका रात्री दुकान बंद केल्यावर उदबत्ती लावली, कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि बाराही फोटो उडवून मोकळा झालो. रोल धुतला, तर भिंतीचा पोपडा न् पोपडा स्वच्छ आलेला, धूर मात्र औषधालासुद्धा नाही. पुढच्या रोलला मागे छत्रीचं काळं कापड लावलं. ते चमकलं. तिसऱ्या खेपेला माळ्यावरची काळी घोंगडी खाली काढली. जाडीभरडी लोकर ती, उजेड तिच्यावर पडला की तिच्यातच मुरतो. तेव्हा कुठे धूर उमटला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुला घोंगडी कुठली मिळायला? काळी मखमल घे, नाहीतर काळी लोकरीची शाल. सॅटिन आणि रेक्झिन मात्र नको.

खरं म्हणजे हे सगळं मला लहानपणीच दिसलेलं होतं, फक्त कळलेलं नव्हतं. आपल्या जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात एक कौल सरकलेलं होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी तिथून एक कवडसा तिरपा आत उतरायचा. चुलीचा धूर खोलीभर असायचा, पण तो डोळ्यांना झोंबायचा तेवढाच. दिसायचा तो फक्त त्या कवडशात. तिथे त्याचे पदर सुटायचे, वळसे पडायचे, गाठी बसायच्या आणि आपोआप उकलायच्या. तुझी पणजी कवडशापासून दोन हात लांब बसून भाकरी थापायची. तिने भाकरी उचलून तव्यावर टाकली की इकडे कवडशातला धूर कलायचा. मागचं दार कुणी उघडलं, तर माणूस दिसायच्या आधी धुरात ते कळायचं. मी पाटावर बसून ते बघत राहायचो आणि शाळेत उशिरा पोचून छड्या खायचो.

त्या कवडशात सगळी विद्या होती. उजेड अरुंद आणि बाजूने. मागे अंधार. आणि तिसरी गोष्ट, जी कळायला मला वीस वर्षं लागली: धुराला स्वतःचा आकार नसतो. हवा ज्या वाटेने जाते त्या वाटेवर तो खुणा ठेवत जातो, इतकंच. तुला वाटतं आपण धुराचा फोटो काढतोय. निघतो तो तुझ्या खोलीतल्या हवेचा. दाराची फट, तुझा श्वास, भिंतीपलीकडे तापलेला फ्रीज, सगळ्यांची नोंद त्यात होते. एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकीची तांत्रिक बाजू हातचा मळ आहे.

हे काही माझं एकट्याचं डोकं नाही. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. घोडा, पक्षी, माणूस कसे हलतात हे फोटोत पकडण्यात त्यांनी आयुष्य घातलं. १८९९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत, अगदी उतारवयात, त्यांनी हवेचे फोटो काढायचं मनावर घेतलं. काचेची पेटी केली, तिच्यात धुराच्या बारीक समांतर रेघा सोडल्या. त्यांच्या शेवटच्या यंत्रात अशा रेघा पन्नासाहून अधिक होत्या. मागे काळी मखमल. रेघांच्या वाटेत कधी तिरकी फळी, कधी गोल ठोकळा ठेवायचा आणि मॅग्नेशियमच्या लखलखाटात फोटो घ्यायचा. राइट बंधूंचं विमान अजून उडायचं होतं. मारेंना हवा कुठे सरळ जाते आणि कुठे फाटते, एवढंच बघायचं होतं. आज तेच फोटो कलेच्या प्रदर्शनांत मांडले जातात. चित्र काढायला बसलेच नव्हते ते, हे लक्षात ठेव.

आता उदबत्ती लाव आणि कॅमेरा हातात न घेता पाच मिनिटं नुसती बघ. निखाऱ्यापासून पहिली वीतभर धूर दोऱ्यासारखा सरळ चढतो. मग डुलायला लागतो. मग त्याला वळसे पडतात, आणि त्याच्याही वर तो विस्कटून खोलीत विरून जातो. गरम हवा वर चढता चढता वेग घेते आणि एका मर्यादेनंतर तिची शिस्त मोडते. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून हीच शिस्त कुठे मोडते ते दाखवलं होतं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच: खालची वीत कंटाळवाणी, वरचा पसारा गढूळ, आपलं चित्र मधल्या हातभर जागेत. कॅमेरा तिथे रोख. निखारा आणि काडी चौकटीत घेऊच नकोस. काडी दिसली की बघणारा 'उदबत्ती' म्हणतो आणि त्याचं बघणं तिथेच संपतं.

मांडणी अशी कर. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीला पायपुसणं. खोलीच्या मध्यावर टेबल, त्यावर पाणी घातलेल्या ताटलीत उदबत्तीचं घर. काळं कापड धुराच्या मागे निदान चार-पाच फूट लांब टांग. त्याने दोन कामं होतात: कापडावर उजेड सांडत नाही आणि कापडाला ठिणगीही लागत नाही. पडदे, कागद, पांघरुणं दूर सार. आणि हे सगळं आई घरात असतानाच करायचं.

उजेड धुराच्या एका बाजूला, आणि किंचित मागच्या अंगाला ठेव. धुराचे कण इतके बारीक असतात की अंगावर पडलेला उजेड ते आल्या वाटेने परत फेकण्यापेक्षा पुढेच जास्त फेकतात. म्हणून समोरून मारलेला फ्लॅश वाया जातो आणि मागच्या बाजूने आलेला उजेड धूर पेटवल्यासारखा उजळतो. फक्त तो थेट भिंगात शिरता कामा नये. त्यासाठी चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन पट्ट्या कर: एक दिवा आणि कॅमेरा यांच्यामध्ये, दुसरी दिवा आणि कापड यांच्यामध्ये. दिव्याला पट्टीएवढीच फट उरली पाहिजे. हा आपला घरगुती कवडसा.

धूर निळसर दिसेल, घाबरू नकोस. कण बारीक असले की ते निळा उजेड तांबड्यापेक्षा जास्त पसरवतात; आभाळ निळं दिसतं ते जवळपास याच कारणाने. तोच धूर उजळ खिडकीसमोर धरलास तर पिवळट तपकिरी दिसेल. धूर एकच, तू कुठे उभी आहेस त्यावर त्याचा रंग.

तुझ्या मामाचा जुना कॅमेरा आणि सुटा फ्लॅश मिळाला तर उत्तम. सगळं मॅन्युअलवर ठेव. आयएसओ १०० किंवा २००, अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, शटर १/१६०. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेव आणि त्याची ताकद १/१६ वर आण. फ्लॅशची ताकद कमी केली की तो मंद पेटतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं, तो कमी वेळ पेटतो. १/१६ वर छोटा फ्लॅश सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरताच उजळतो. धूर गोठतो तो त्यामुळे. शटरचं श्रेय त्यात फार नाही.

कॅमेरा नाही मिळाला तरी अडून बसू नकोस. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/२५० च्या खाली उतरू देऊ नकोस, आयएसओ ४०० ते ८०० ठेव, फोन एखाद्या डब्याला टेकवून स्थिर कर आणि दिवा जितका जवळ आणता येईल तितका आण. मात्र घरातल्या स्वस्त एलईडी बल्बने चित्रात आडवे पट्टे येतील. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे तसला बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, फोनला कळतं. बॅटरीवरची चांगली टॉर्च वापर. नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी ऊन येणारी खिडकी शोध, पडदा ओढून चार बोटांची फट ठेव आणि त्या उन्हात धूर सोड. उन्हाला पट्टे पडत नाहीत आणि वीजबिलही येत नाही.

फोकसचं भांडण होईल, कारण धुरावर कॅमेऱ्याचं लक्षच ठरत नाही. धूर जिथून जातो तिथे, उदबत्तीच्या बरोबर वर, पेन्सिल धर, तिच्यावर फोकस पक्का कर, मग तो कुलूपबंद करून पेन्सिल काढून घे.

आता कळ दाब. पण आधी स्वतःला थोपव. तू खुर्चीवर बसताना ढवळलेली हवा निवायला मिनिटभर लागतं. श्वास सावकाश सोड, तोही दुसरीकडे तोंड करून. धूर सरळ झाला की हळूच हात हलव, एकदाच, हातभर लांबून. त्याची लहर धुरापर्यंत पोचायला क्षणभर लागतो; तो क्षण ओळखायला शिकायचं. मग स्वयंपाकघरातून डाव आण आणि त्याची पालथी बाजू धुरावर धर. धूर तिच्या पोटाला लागून पसरतो आणि दोन्ही कडांवरून वळून वर जातो. झारा धरलास तर काही धूर भोकांतून, काही कडेने, आणि वर जाऊन दोन्ही एकमेकांत गुंततात. मारेंची काचेची पेटी तुझ्या स्वयंपाकघरात आहे, समजलीस?

दहा-पंधरा मिनिटं झाली की थांब. खोली धुराने भरली की काळं काळं राहत नाही, सगळ्यावर साय धरते. पण थांबायचं खरं कारण दुसरं आहे. मी तेव्हा हट्टाने एका रात्रीत अख्खा पुडा जाळला, दारं-खिडक्या बंद ठेवून. तुझ्या आजीला दम्याचा त्रास, ती पलीकडच्या खोलीत. पहाटे तिला अशी धाप लागली की डॉक्टरांना उठवावं लागलं. उदबत्ती देवापुढची असली तरी धूर तो धूरच. त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. पुढे महिनाभर ती मला 'धूरवाले' म्हणत होती आणि मला मान वर करून बघायची सोय नव्हती. तेव्हा दहा मिनिटं काम, मग वीस मिनिटं खिडक्या सताड उघड्या. घरात कुणाला खोकला असेल तर त्या दिवशी नाहीच.

आता फोटो झाल्यावरचं. कॉम्प्युटरवर 'इन्व्हर्ट' नावाचं एक बटण असतं. दाबलं की काळ्याचं पांढरं होतं, निळसर धुराचा तांबूस होतो. तुला ती गंमत वाटेल. आम्हाला ती फुकट मिळायची. तिसरा रोल धुवून हायपो या रसायनातून काढला, पाण्याखाली धरला आणि बल्बसमोर उचलला, तेव्हा ओली निगेटिव्ह माझ्या बोटांत होती आणि तिच्यावर धूर नव्हताच. कोऱ्या कागदावर कुणी बोरूने शाईचे फराटे ओढावेत तसं काहीतरी होतं. एक रेघ जाड सुरू होऊन केसाएवढी बारीक झालेली, वळून स्वतःच्याच अंगावरून गेलेली, आणि जिथे ती स्वतःला ओलांडत होती तिथे आतून आरपार दिसत होतं. अशी रेघ माझ्या हाताने जन्मात निघाली नसती. मी प्रिंट काढायचं विसरून गेलो. निगेटिव्हवरून पाणी ठिबकत होतं आणि मी तसाच उभा होतो.

त्यामुळे उलटं कर, रंग बदल, माझी हरकत नाही. एक मात्र सांगतो. अर्धा फोटो आरशासारखा पालटून दुसऱ्या अर्ध्याला चिकटवायची युक्ती हल्ली फार चालते. त्यातून हमखास फुलपाखरू निघतं, नाहीतर राक्षसाचं तोंड. एकदा करून बघ, हस आणि सोडून दे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की हवेची मर्जी मेली.

घरातली माणसं फोटो बघून काय म्हणतील तेही सांगून ठेवतो. 'अगं, गणपती दिसतोय!' मग कुणाला मोर दिसेल, कुणाला नाचणारी बाई. त्यांना दिसू दे, वाद घालू नकोस. पण तू स्वतः गणपती शोधत फोटो निवडू नकोस. ज्याच्यात काहीतरी 'दिसतं' तो फोटो त्या दिसण्यापुरताच उरतो.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हे अमेरिकेतले मोठे फोटोग्राफर. त्यांच्या फोटोंचं बळ समोर बसलेल्या माणसांमुळे आहे, असं कुणीतरी लिहिलं. त्यांनी १९२२ मध्ये कॅमेरा ढगांकडे वळवला. ढग सगळ्यांचे, फुकटचे, कुणालाही मिळणारे. पुढे बारा-एक वर्षं ते ढग टिपत राहिले, आणि विषय कुणाचाही असला तरी बघणं आपलं असतं हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना आपल्या चित्रांना लावलेला आवडत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' म्हणा, असा त्यांचा आग्रह. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे आणि बाकीचा वेळ बघण्यात घालवायचे. प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' माझ्या कपाटात आहे. सुट्टीत आलीस की घेऊन जा. चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते त्यात शुद्ध मराठीत वाचायला मिळेल.

गायतोंड्यांसारखं मोजकं ठेवणं तुला जड जाईल, कारण तुझ्या फोनला बारा फोटोंची अट नाही. दीडशे काढशील. काढ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना, बसून पुसायला लाग. कापड दिसतंय, पूस. रेघ चौकटीच्या कडेला तुटलीये, पूस. सगळीकडे सारखाच धूर आहे, डोळ्याला टेकायला जागा नाही, पूस. दीडशेतून तीन उरले तर दिवस सार्थकी लागला. तेवढंच तुझं काम आहे, पोरी. रेघ हवेने काढली. खोली तू आवरलीस, उजेड तू लावलास, वाट तू बघितलीस, आणि टाकून काय द्यायचं ते तू ठरवलंस.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढायच्या आधी घरात एक प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे फोटो घेत त्याचं उगवणं पडद्यावर मिनिटभरात दाखवलं. वाटाणा डोळ्याला दिसणार नाही इतका संथ, धूर दिसणार नाही इतका चपळ. डोळ्याला जे झेपत नाही ते दाखवायचं काम कॅमेऱ्याचं. त्यासाठी ना काश्मीर लागतं, ना महागडं भिंग. कुंडी पुरते, उदबत्ती पुरते.

येत्या रविवारी करून बघ. तीन उरले तर तिन्ही पाठवू नकोस, त्यातला एकच पाठव. आणि खाली हे काय आहे ते लिहू नकोस. मी विचारणार नाही.

तुझा,
आजोबा

ता. क. आजी विचारतेय, खिडक्या उघडल्यास का म्हणून.